सत्त्याहत्तर वर्षांचा केक: लग्नातला तुकडा टिकतो कसा आणि जपावा कसा

२०२४ साली इंग्लंडमध्ये केकचा एक तुकडा लिलावात २,२०० पौंडांना विकला गेला. केक राजकुमारी एलिझाबेथ, म्हणजे पुढची राणी, आणि फिलिप यांच्या लग्नातला, २० नोव्हेंबर १९४७ चा. स्कॉटलंडच्या होलिरूड राजवाड्यात घरव्यवस्था पाहणाऱ्या एका बाईंना तो बकिंगहॅम राजवाड्यातून छोट्या खोक्यात घालून पाठवला होता. बाईंनी तो खाल्ला नाही, पलंगाखाली एका पेटीत जपून ठेवला. सोबत वधूचं पत्रही होतं, लग्नात भेट आलेल्या सुंदर भांड्यांबद्दल आभार मानणारं.

बातमी वाचून माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला. आपल्याकडे सकाळची बासुंदी संध्याकाळी बाहेर राहिली तर आपण वास घेऊन बघतो, मग हा केक सत्त्याहत्तर वर्षं राहिला कसा? त्यामागे एक साधा हिशोब आहे. तो कळला की आपल्या घरातली अशी एखादी नाजूक आठवणही नीट जपता येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हा केक कोणता ते बघू

हल्ली वाढदिवसाला कापतो तो मऊ, क्रीम लावलेला केक डोळ्यांसमोर आणू नका. इंग्लंडमधला जुन्या पद्धतीचा लग्नाचा केक म्हणजे मनुका, बेदाणे आणि साखरेत मुरवलेली फळांची सालं ठासून भरलेला, काळपट, जड केक. निम्म्याच्या आसपास वजन सुक्या फळांचंच. त्यावर ब्रँडी किंवा रम शिंपडत राहायची. मग वरून बदाम आणि साखरेच्या लगद्याचा थर, त्याला मार्झिपान म्हणतात. त्याच्यावर अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर फेटून केलेलं पांढरं आयसिंग, जे वाळलं की खडूसारखं कडक होतं.

वसईत, वांद्र्यात, गोव्यात ख्रिस्ती लग्नांमधून हा केक आपल्याही ओळखीचा आहे. आपल्याकडे मार्झिपानमध्ये बदामाऐवजी बऱ्याचदा काजू असतात, एवढाच फरक.

तिकडे या केकभोवती दोन रीती होत्या. सगळ्यात वरचा छोटा थर काढून ठेवायचा आणि पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला खायचा. आणि जे लग्नाला येऊ शकले नाहीत त्यांना छोट्या खोक्यांत तुकडे पाठवायचे, आपण लग्नानंतर बुंदीचे लाडू पोचवतो तसे. लग्न न झालेल्या मुली तो तुकडा उशीखाली ठेवून झोपत, स्वप्नात होणारा नवरा दिसावा म्हणून. म्हणजे या केकने प्रवास करायचा, थांबायचं, हे आधीपासून गृहीतच होतं.

पाणी असतं, पण मोकळं नसतं

अन्न नासतं ते जिवाणू आणि बुरशीमुळे, आणि त्या दोघांनाही जगायला पाणी लागतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं किती आहे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

लग्नाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. काही पाहुणे इकडेतिकडे फिरताहेत, काही पंगतीला बसलेत. फिरणाऱ्याला कुणीही हाताला धरून घेऊन जाईल. ताटावर बसलेला उठत नाही. केकमधली साखर पाण्याला अशीच पंगतीत बसवते. पाणी आहे, म्हणून केक मऊ लागतो, पण ते जिवाणूच्या हाती लागत नाही. अन्नशास्त्रात याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. आपण इथे मोकळं पाणी म्हणू.

याची मोजपट्टी शून्य ते एक अशी आहे. शुद्ध पाणी म्हणजे १. ताजं मांस, दूध ०.९८ च्या वर. ०.९ च्या खाली आलं की बहुतेक जिवाणू वाढायचे थांबतात, ०.८ च्या खाली बहुतेक बुरशा थांबतात, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. साध्या स्पंज केकचा आकडा ०.९ च्या आसपास असतो. फळांचा केक ०.८ च्या आगेमागे. म्हणजे तो भट्टीतून बाहेर येतो तेव्हाच निम्मी लढाई जिंकलेला असतो.

तुमच्या घरात हे रोज घडतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं. तेच मीठ जिवाणूच्या अंगातलंही पाणी ओढून घेतं. साखरही हेच करते. मुरांबा वर्षभर बरणीत राहतो तो याच हिशोबाने. जुन्या बायकांनी पाक एकतारी झाला की नाही हे बोटांनी बघितलं, कुठलीही मोजपट्टी न वापरता.

आयसिंगचं काम वेगळं. कडक झालेला तो थर म्हणजे केकभोवतीची भिंत. बाहेरची धूळ, माश्या, हवा थेट आत जात नाहीत. मधलं मार्झिपान केकचा काळपट रंग आणि तेल वरच्या पांढऱ्या थरात लवकर उतरू देत नाही. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात, विलिस संग्रहालयात, १८९८ साली बनवलेला अख्खा लग्नाचा केक आहे. तो कुणाच्या लग्नात कापलाच गेला नाही. एका बेकरीच्या खिडकीत शोभेला मांडला होता आणि १९६४ साली बेकरी बंद होईपर्यंत तिथेच होता. दुसऱ्या महायुद्धात जवळ बॉम्ब पडला, त्या हादऱ्याने आयसिंगला तडा गेला. पांढरा रंग आता तपकिरी झालाय. पण सुई घालून तपासलं तेव्हा आतला केक अजून ओलसर निघाला. एका साखरेच्या भिंतीने एवढं केलं.

मग आपल्याकडे का टिकत नाही?

हा प्रश्न मला माझ्या वसईच्या मैत्रिणीच्या आईने विचारला होता, आणि उत्तर शोधायला मला बराच वेळ लागला.

मावशींचं लग्न १९७२ चं. केकचा वरचा थर त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. मधली काही वर्षं डबा उघडलाच नाही. उघडला तेव्हा वर आयसिंगचा पांढरा, आता पिवळसर झालेला गुलाब होता, पाकळ्या शाबूत. त्याच्याखाली केकच्या जागी तपकिरी भुकटी, आणि आयसिंगच्या कवचाला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं. भुकटीत हळद-धण्यांच्या डब्यात सापडतात तसे बारीक भुंगेरे मेलेले. मावशी म्हणाल्या, "मीच नीट ठेवला नाही गं." तसं नव्हतं. त्यांनी इंग्लंडमधली रीत मन लावून पाळली होती, हवा मात्र वसईची होती.

केक हा हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर उघडा ठेवलेला केक हळूहळू ०.६ कडे सरकतो. ८५ टक्के असेल तर ०.८५ कडे. आकडा सरळ तोच. आता जुलैची मुंबई, वसई, रत्नागिरी, पणजी आठवा. दिवसेंदिवस आर्द्रता ८० च्या वर. म्हणजे लंडनच्या शेकोटी पेटवलेल्या घरात जो तुकडा वाळून वाळून सुरक्षित पट्ट्यात जातो, तोच तुकडा आपल्या कोकणात चार महिने पाणी पीत बसतो आणि नेमका बुरशीच्या पट्ट्यात येतो. पत्र्याचा डबा हवाबंद नसला तर तोही काही कामाचा नाही.

याचा पुरावा आपल्या घरात असतो. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला घालतात ते हलव्याचे दागिने. माझ्या आईने माझा हलव्याचा हार जपून ठेवला होता. जानेवारीच्या कोरड्या हवेत काटेरी, टणक, पांढराशुभ्र. पुढच्या श्रावणात बघितलं तर दाणे एकमेकांना चिकटलेले आणि खालचा पुठ्ठा ओला. हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागते. हार आईच्या हातून खराब झाला नाही, पावसाने केला.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांचं दुखणं वेगळं. तिथे उन्हाळा कोरडा, पण पारा पंचेचाळीसवर. बुरशी लागत नाही, पण लोणी आणि काजू-बदामाचं तेल लवकर खवट होतं.

"पण त्यात दारू असते ना, मग बुरशी कशी लागेल?"

सुरुवातीला दारू खरंच मदत करते. केकच्या वरच्या भागावर पडलेले बुरशीचे कण ती मारते, म्हणून नवा केक महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा शिंपडून मुरवत ठेवतात. पण दारू उडून जाते. वीस वर्षांनी पहारा देते ती साखरच.

"इतका टिकतो, तर खायला काय हरकत?"

हरकत आहे, आणि इथे मी अगदी स्पष्ट लिहिते. न नासणं आणि खाण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी कधीतरी ओलावा शिरून बुरशी येऊन गेली असेल, नंतर ती वाळून दिसेनाशी झाली असेल, पण तिने सोडलेली विषारी द्रव्यं तशीच राहू शकतात. ती भाजून किंवा वरचा थर खरवडून जात नाहीत. चरबी खवट झालेली असते. जुन्या सजावटीत चांदीचे मणी, तारा, रंग काय वापरले होते कुणास ठाऊक. चार्ल्स आणि डायना यांच्या १९८१ च्या लग्नातल्या एका केकचा तुकडा २०२१ साली १,८५० पौंडांना विकला गेला, तेव्हा लिलाव करणाऱ्यांनीच खाऊ नका असं सांगितलं होतं.

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला खायची हौस असेल, तर त्याचा मार्ग वेगळा. तो फ्रीझरचा. उणे १८ अंशांवर जिवाणू वाढत नाहीत. केक आधी उघडाच तासभर गार करून घ्यावा, म्हणजे आयसिंग घट्ट होतं. मग प्लास्टिकच्या पातळ आवरणात दोनदा गुंडाळावा, त्यावर फॉइल, मग झाकणाचा डबा. बाहेर काढल्यावर एक दिवस फ्रिजमध्ये राहू द्यावा आणि मग खावा. क्रीम आणि ताजी फळं असलेला केक यातून नीट बाहेर येत नाही. ज्यांच्याकडे वीज तासन्तास जाते, केक वितळतो आणि पुन्हा गोठतो, त्यांनी तो खाऊ नये.

म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: खायचा आहे की ठेवायचा आहे. दोन्हीचे नियम वेगळे. ठेवायचा ठरला की तो आता खाऊ राहिला नाही. घरातली जुनी पत्रं, आजीचा शालू, तशी ती वस्तू झाली.

वस्तू म्हणून सांभाळायचा तर

संग्रहालयांत जुन्या वस्तूंची देखभाल करणारे लोक काय करतात हे बघण्यासारखं आहे. २०१७ साली अंटार्क्टिकातल्या केप अडेअर इथल्या जुन्या झोपडीत सुमारे १०६ वर्षांपूर्वीचा फळांचा केक सापडला. लग्नाचा नव्हे, मोहिमेवर नेलेला. बहुधा ध्रुवसंशोधक कॅप्टन स्कॉटच्या माणसांचा. कागदात गुंडाळलेला आणि पत्र्याच्या डब्यात. डबा गंजून गेला होता, केक मात्र जवळपास जसाच्या तसा. खवट लोण्याचा किंचित वास होता, एवढंच. न्यूझीलंडच्या तज्ज्ञांनी डब्याचा गंज थांबवला, कागदातलं आम्ल काढलं, फाटलेलं वेष्टन सांधलं. म्हणजे मेहनत सगळी केकच्या भोवतालच्या गोष्टींवर. मला हे फार शिकवणारं वाटलं.

घरी यातलं बरंच जमतं. पहिली गोष्ट, मोठा थर ठेवण्याचा हट्ट सोडा. बोटभर जाडीची एक चीप पुरे, ती लवकर आणि आतपर्यंत वाळते. केक क्रीमचा असेल तर केकचा नादच सोडा आणि साखरेची फुलं, वरची बाहुली, केकवरचं नाव लिहिलेलं पान काढून घ्या. मावशींच्या डब्यात गुलाब राहिला आणि केक गेला, त्याचं कारण हेच: निव्वळ साखरेच्या फुलात किड्यांना खाण्यासारखं जवळपास काही नसतं.

चीप एसीच्या खोलीत, जाळीखाली, काही दिवस वाळू द्या. मग किड्यांचा बंदोबस्त. संग्रहालयांत कापड, लाकूड, पुस्तकं गोठवून त्यातली कीड मारतात. घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवलं तरी अंडी-अळ्यांपासून बरीच सुटका होते. मात्र तुकडा घट्ट बंद पिशवीत हवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. गार वस्तूवर हवेतलं पाणी जमतं, पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसं. ते पिशवीवर जमू दे, केकवर नको.

त्यानंतर रबराची कडा असलेला खरोखर हवाबंद डबा. आत सिलिका जेलच्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात असतात त्या. रंग बदलणारी सिलिका मिळाली तर उत्तम, कारण ओलावा शोषून तिचं काम संपलं की कळतं. एक छोटा आर्द्रतामापक आत ठेवता आला तर फारच छान. काटा ५५ च्या खाली राहायला हवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातलं आम्ल आणि शाई उतरते. जुनी छायाचित्रं गुंडाळायला आम्लविरहित पातळ कागद मिळतो, तो वापरा. आणि मूळ खोका, रिबन, निमंत्रणपत्रिका केकला खेटून ठेवू नका. केकमधलं तूप-तेल वर्षानुवर्षं झिरपतं आणि कागदावर कायमचा डाग पाडतं. ते सगळं वेगळ्या लिफाफ्यात, त्याच पेटीत.

माळ्यावर मात्र ठेवू नका. स्लॅबखालचा माळा म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा. आतल्या भिंतीचं, अंधारं कपाट बरं. पावसाळ्यात डबा उघडू नका. दिवाळीच्या साफसफाईत एकदा बघा, सिलिका बदला, पुन्हा बंद करा. एवढं करूनही आयसिंग पिवळं पडेल. साखर, अंड्यातलं प्रथिन आणि खालून येणारं तेल यांचं ते वय आहे. ते पुसायला, घासायला, रंगवायला जाऊ नका.

"फोटो आहेत, व्हिडिओ आहे, मग खराब होणारी वस्तू कशाला?"

फोटोत न मावणारं काहीतरी वस्तूत असतं, आणि ते फक्त भावनेपुरतं नसतं. १९४७ चा तो राजघराण्यातला केक घ्या. चार थर, सुमारे नऊ फूट उंच, ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती तरी ब्रिटनमध्ये साखर अजून रेशनवर होती. केकचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलं. त्याच्या आधी, १९४० मध्ये, केकवर साखरेचं आयसिंग करायलाच सरकारने बंदी घातली होती. त्या काळात नवरा-नवरी बेकरीतून पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा तीनमजली पांढरा केक भाड्याने आणत, तो छोट्याशा साध्या केकवर टोपीसारखा ठेवत आणि फोटो काढत. फोटोत तो भरजरी दिसतो. आत काय होतं, हे वस्तू उरली तरच कळतं.

राणी व्हिक्टोरियाच्या १० फेब्रुवारी १८४० च्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा होता. त्याचे तुकडे आजही उरलेत, एक २०१६ साली लंडनमध्ये १,५०० पौंडांना विकला गेला. तो हातात धरला तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी बेदाणे निवडले, पीठ चाळलं, त्याचा प्रत्यक्ष उरलेला अंश हातात असतो.

"आमच्या केकला कोण पैसे देणार?"

कुणी नाही, आणि ते नीट समजून घेतलेलं बरं. बाजारात किंमत येते ती व्यक्तीमुळे आणि कागदांमुळे. इंग्लंडची गादी सोडलेला राजा एडवर्ड आणि वॉलिस सिम्पसन यांच्या ३ जून १९३७ च्या लग्नातला तुकडा १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये २९,९०० डॉलरला गेला. तो रेशमी रिबन बांधलेल्या खोक्यात होता आणि खोक्यावर तारीख होती. ते खोकं नसतं तर तो कुणाही दोघांच्या लग्नातला, सुकलेला, काळा तुकडा होता. एखादी वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याचा अखंड माग, तिचं खरं मोल तिथे असतं.

घरातल्या वस्तूलाही हेच लागू. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात टेकम्से गावी एका कुटुंबाने १८७८ साली केलेला फळांचा केक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. तो केला त्या बाई सणाला तो कापण्याआधीच गेल्या, मग कुणालाच तो कापवेना. आज तो ओळखीचा राहिलाय, कारण प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला ही गोष्ट सांगितली.

तेव्हा डबा बंद करण्याआधी एक चिठ्ठी लिहा. शाईच्या पेनाने नको, ओल लागली तर शाई पसरते. शिसपेन्सिल बरी. कुणाचं लग्न, तारीख, गाव, चर्च किंवा हॉल, केक कुणी केला, त्यात काय घातलं होतं, कुणी कापला, तुकडा कुणी आणि का काढून ठेवला. डब्याच्या झाकणावरही बाहेरून लिहा, नाहीतर साफसफाईत कुणीतरी जुना खाऊ समजून टाकून देईल.

मावशींचा गुलाब आता काचेच्या बरणीत आहे, तळाशी सिलिका, वर घट्ट झाकण. चिठ्ठी मैत्रिणीने लिहिली, मावशी सांगत गेल्या. केक धाकट्या काकांनी केला. काजू घरचे, गोव्याहून आलेले. रम कमी पडली म्हणून शेजारून आणली. शेवटी मैत्रिणीने विचारलं, "आणि गुलाब कुणी केला?" मावशी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मीच. लग्नाच्या आदल्या रात्री. तेही लिही."